हस्तनिर्मित विद्युत गिटारींवरील अनुक्रमांक : एक साधन-चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये कागदाप्रमाणेच वस्तूलाही स्थान आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल व बनावट साधनांमधील भेद कसा करावा हा प्रश्न मराठी अभ्यासकांना परिचित आहे. पत्रावर मिती लिहिलेली असली तरी ती तशीच स्वीकारली जात नाही. वार जंत्रीशी जुळतो का, कागद, शाई व वळण त्या काळाचे आहे का, हे पाहिले जाते. विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेल्या विद्युत गिटारींना हीच कसोटी लावता येते. १९५९ सालच्या गिब्सन ‘लेस पॉल’ गिटारीस आज काही लाख डॉलर किंमत येते. त्यामुळे तिच्यावरील अनुक्रमांक खरा की खोटा, हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या हौसेचा राहत नाही. प्रस्तुत निबंधात या क्रमांकांचे पुरावा म्हणून मूल्य काय, याचा विचार केला आहे.

क्रमांकपद्धतींचे स्वरूप

गिब्सन कंपनीने मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथील कारखान्यात १९५२ मध्ये ‘लेस पॉल’ गिटारीचे उत्पादन सुरू केले. त्या पहिल्या वर्षीच्या गिटारींवर अनुक्रमांक नव्हता. १९५३ पासून खुंट्यांच्या शिरोभागामागे शाईच्या शिक्क्याने क्रमांक उमटविला जाऊ लागला. त्यातील पहिला अंक हा वर्षाचा शेवटचा अंक असे. म्हणजे ‘९’ ने सुरू होणारा क्रमांक १९५९ सालचा. कंपनीच्या पाठवणीच्या आकडेवारीनुसार ‘लेस पॉल स्टँडर्ड’ या प्रकारच्या १९५९ मध्ये ६४३ व १९६० मध्ये ६३५ गिटारी बाहेर पडल्या. १९६१ पासून क्रमांक लाकडात दाबून उमटविले जाऊ लागले. मात्र त्या दशकात कालक्रम पाळला गेला नाही आणि एकच क्रमांक एकाहून अधिक गिटारींवर पडल्याचे आढळते. म्हणजे क्रमांक अस्सल असूनही तो एकमेव असेलच असे नाही.

कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीची पद्धत निराळी होती. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारीच्या मागे, दांडी व अंग जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर लवकरच क्रमांक येऊ लागला. कारागीर या पट्ट्या क्रमाने उचलत नसत. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे नंतरची गिटार, असे निश्चित म्हणता येत नाही. शिवाय चार स्क्रू काढले की अस्सल पट्टी दुसऱ्या गिटारीवर बसविता येते. येथे क्रमांक खरा आणि गिटार खोटी, अशी स्थिती संभवते.

केवळ हातांनी चालणाऱ्या कार्यशाळेचे उदाहरण न्यूयॉर्कचे जॉन डी’अँजेलिको यांचे आहे. १९३२ ते १९६४ या काळात त्यांनी १,१६४ गिटारी घडविल्या. या मुळात ध्वनिक गिटारी होत. पुढे त्यांपैकी अनेकींवर विद्युत पिकअप बसविण्यात आले. त्यांच्या नोंदवह्यांत क्रमांक, प्रकार, ग्राहक व तारीख यांची नोंद आढळते. गिटारीवरील क्रमांकाला येथे गिटारीबाहेरचा स्वतंत्र साक्षीदार लाभतो.

पडताळणीची पद्धती

क्रमांक तपासताना त्यास अन्य अंगांची साक्ष जुळते का, हे पाहावे लागते. गिटारीतील पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे आवाजाचा जोर व स्वर बदलणाऱ्या भागावर, निर्मात्याचा संकेतांक, वर्ष व आठवडा छापलेला असतो. ‘३०४६३२०’ याचा अर्थ स्टॅकपोल कंपनीचा, १९६३ च्या विसाव्या आठवड्यातील भाग. तो मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही. मात्र ती त्याच महिन्यातील आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. फेंडरने १९६६ मधील मोठा साठा पुढे दोन-तीन वर्षे वापरला. फेंडरच्या दांडीच्या टोकावर शिसपेन्सिलीने वा शिक्क्याने घातलेली तारीखही उपयोगी पडते. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर अतिनील प्रकाश टाकला असता तो हिरवट-पिवळा चमकतो व नंतर मारलेला लेप वेगळा दिसतो.

गिब्सनच्या १९५२ ते १९५७ या काळातील सोनेरी रंगाच्या गिटारी खरवडून त्यांना १९५९ सालचे रूप देण्याचे काम बरेच झाले आहे. अशा गिटारीवर ‘७’ ने सुरू होणारा क्रमांक शिल्लक असेल तर रूपांतर तत्काळ उघड होते. परंतु तोच क्रमांक पुसून नवा शिक्का मारला, तर निर्णय लॅकर, लाकूड व विद्युत भाग यांवरच द्यावा लागतो. सारांश, क्रमांक असत्य उघडे पाडू शकतो. एकटा तो सत्य सिद्ध करू शकत नाही.

लाकडाची साक्ष

कॅनडाचे संगीतकार रँडी बॅकमन यांची १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोतील हॉटेलातून चोरीस गेली. २०२० मध्ये त्यांच्या एका चाहत्याने जुन्या चित्रणातील लाकडाची गाठ व रेषा महाजालावरील चित्रांशी ताडून पाहिल्या आणि ती एका जपानी संगीतकाराकडे असल्याचे शोधून काढले. १ जुलै २०२२ रोजी टोकियो येथे ती मूळ मालकास परत मिळाली. बदल्यात बॅकमन यांनी त्याच प्रकारची, त्याच आठवड्यात बनलेली दुसरी गिटार दिली. या दोन गिटारींचे जन्मवर्ष व घराणे एकच. पण सुमारे चव्वेचाळीस वर्षांनंतर त्यांतील एकीची नेमकी ओळख पटविली ती लाकडाच्या रेषांनी.

निष्कर्ष

अनुक्रमांक हा निर्मात्याने वस्तूवर केलेला दावा आहे. नोंदवहीची साक्ष असल्यास तो बळकट होतो, घटकांच्या तारखांशी विसंगत असल्यास संशयास्पद ठरतो आणि सुट्या पट्टीवर असल्यास त्याचे मूल्य मुळातच मर्यादित असते. यास्तव आजच्या हस्तकारागिरांनी प्रत्येक गिटारीच्या क्रमांकासोबत तिच्या लाकडाचे छायाचित्र व घटकांची यादी नोंदवहीत जपणे इष्ट होय. क्रमांकाची नक्कल करता येते. झाडाने वाढताना काढलेल्या रेषांची नक्कल मात्र कोणत्याही शिक्क्याला साधत नाही.