वादळहानी व तिचे निवारण (खानदेश)

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत, मुख्यत्वे चैत्र-वैशाखापासून मृगापर्यंत उठणाऱ्या वादळांनी बागा, उभी पिके, घरे, गुरे व वीजवाहिन्या यांची जी हानी होते, तिची मोजदाद, तिची भरपाई आणि मोडलेला संसार व शेत पुन्हा उभे करण्याची खटपट, या साऱ्यांचा समावेश या नोंदीत होतो. अरबी समुद्रातील चक्रीवादळे या मुलखापर्यंत पोहोचतात ती बहुधा क्षीण होऊनच. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनारा ओलांडणारे ‘निसर्ग’ उत्तर महाराष्ट्रात आले तेव्हा त्याचा जोर ओसरला होता, आणि १७ मे २०२१ रोजी सौराष्ट्रावर आदळलेल्या ‘तौक्ते’चा खानदेशाला लागला तो केवळ पदर. येथील खरे संकट स्थानिक आहे. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला, की तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढते, समुद्राकडून आलेल्या बाष्पाशी तिची गाठ पडून दुपार कलताना उंचच उंच मेघ उभे राहतात, आणि त्या मेघांतून पावसाबरोबर कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चौफेर पसरते. तोच सोसाट्याचा वारा. त्याचा मुक्काम बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचा आणि त्याचा पट्टा अरुंद असतो, इतका की एका शिवारातील बाग आडवी पडावी आणि नाल्यापलीकडच्या शिवारात पानही फाटू नये. हानीची मोजणी आणि विम्याचे निकष यांवरून पुढे जे तंटे उद्भवतात, त्यांचे मूळ या अरुंदपणातच आहे.

वादळाचा सर्वांत मोठा बळी म्हणजे केळी. जळगाव जिल्ह्यातील सुमारे पन्नास हजार हेक्टर क्षेत्र या पिकाखाली असून, रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे तालुके त्याचे माहेरघर होत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचे खोड हे वस्तुतः खोड नसून एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पर्णतलांचा पाणीदार स्तंभ असतो, मुळे उथळ असतात, आणि निसवण झाल्यावर वीस-पंचवीस किलोंचा घड त्या स्तंभाच्या माथ्यावरून एका बाजूला लोंबतो. जून-जुलैत लावलेली मृगबाग पुढल्या उन्हाळ्याच्या अखेरीस घडांनी लगडलेली असते. म्हणजे वर्षभराचा खर्च, पाणी व खत ज्या महिन्यांत फळरूपाने पदरात पडायचे, तेच महिने वादळाचे. मे २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हा जून २०२२ मध्ये रावेर-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात कापणीला आलेल्या बागा अशाच जमीनदोस्त झाल्या. धुळे जिल्ह्यात हानीचे स्वरूप निराळे असते. शिरपूरकडील केळी व पपई, साक्रीकडील कांदाचाळी आणि गारपिटीत सापडणारी रब्बी पिके ही तेथील नुकसानीची मुख्य कलमे होत; फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील राज्यव्यापी गारपिटीने ही गोष्ट कटू रीतीने दाखवून दिली.

वादळानंतरचा पहिला सोपस्कार पंचनाम्याचा. तलाठी (२०२४ पासून पदनामाने ग्राम महसूल अधिकारी), कृषी विभागाचे व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी पंचांसमक्ष शिवार फिरून बाधित क्षेत्र नोंदवावे, तहसीलदाराने तो तक्ता जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवावा आणि मंजुरीनंतर रक्कम खातेदाराच्या बँक खात्यात थेट जमा व्हावी, असा हा क्रम आहे. बागेतील पंचनामा प्रत्यक्ष पाहिला म्हणजे त्यातील कष्ट ध्यानात येतात. दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. वादळानंतर ती एकमेकांवर तिरपी पडून पानांचा असा गुंता होतो की सरीतून चालताही येत नाही. कर्मचारी बांधावरून आत शिरतात, ओळीमागून ओळ मोजतात, मोडलेली, उन्मळलेली व नुसती कललेली झाडे वेगळी धरतात, आणि शेतकरी पाठोपाठ चालत ‘हे धरा, याचा घड पिचलाय’ असे सांगत राहतो. नुकसान ३३ टक्क्यांहून कमी भरले तर मदत नाही. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती.

मदतीचे दर हा वेगळाच विषय आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने ठरवलेल्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देय होतात. राज्य शासनाने मध्यंतरी हा दर ३६,००० पर्यंत आणि मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत वाढवली होती. केंद्रीय दराने हिशेब केला तर एका झाडामागे सुमारे पाच रुपये पडतात. ऊतिसंवर्धित रोपाची नुसती खरेदीची किंमत याहून कितीतरी अधिक असते. तेव्हा या रकमेस नुकसानभरपाई म्हणणे यथार्थ नव्हे, तो निर्वाहाचा आधार होय, आणि अर्जदाराला तसे आरंभीच स्पष्ट सांगणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.

भरपाईची खरी भिस्त हवामानाधारित फळपीक विमा योजनेवर असते. तिच्यात केळीसाठी विमासंरक्षित रक्कम बराच काळ हेक्टरी १,४०,००० रुपये होती. थंडी आणि उष्णतेचे धोके महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरतात. वेगवान वारा व गारपीट यांसाठी मात्र शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत सूचना द्यावी आणि त्याच्या शेताची पाहणी व्हावी, अशी तरतूद आहे. वादळाच्या रात्री विजेचे खांब पडलेले, मोबाइलचे मनोरे बंद, रस्त्यावर निंबाची झाडे आडवी आणि घरावरचे पत्रे उडालेले असताना या बहात्तर तासांतील पहिले चोवीस तास कोठे जातात, हे सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मुदतीची मोजणी गावचा वीजपुरवठा व संपर्क पूर्ववत झाल्यापासून व्हावयास हवी.

याहून बिकट पेच काळाचाच आहे. पंचनामा होईपर्यंत पडलेली बाग हलवावयाची नाही, असा प्रघात. आणि तयार घड एक-दोन दिवसांत कापून गाडीत घातला नाही तर मेच्या उन्हात तो भाजून निघतो. शेकडो बागांतील माल एकाच आठवड्यात आला म्हणजे भाव कोसळतो, आणि अपक्व घडांना तर गुरांच्या दावणीखेरीज दुसरी वाट उरत नाही. पुराव्याकरिता बाग राखावी तर माल जातो, माल वाचवावा तर पुरावा जातो. स्थळकाळाच्या नोंदीसह मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आता ग्राह्य धरली जाऊ लागल्याने हा पेच काहीसा सैल झाला आहे, पण सही-शिक्क्याच्या कागदाखेरीज अजूनही शेतकऱ्याला धीर वाटत नाही, आणि पूर्वानुभव पाहता तो चुकतो असे म्हणवत नाही.

बागेची पुनर्रचना पंचनाम्यानंतर सुरू होते. प्रथम ठिबकच्या नळ्या पडलेल्या खोडांखालून अलगद सोडवून गुंडाळाव्या लागतात. या कामात घाई केली तर झाडांबरोबर नळ्यांचाही खर्च अंगावर येतो. कललेल्या झाडांना बांबूचा टेकू द्यावा, बुंध्याशी मातीची भर लावावी. मोडलेली झाडे कापून बुडाशी एकच जोमदार पील राखावे, बाकीची काढून टाकावीत, आणि खोडांचे बारीक तुकडे करून ते सरीत कुजू द्यावेत. या पिलावर वाढणाऱ्या खोडव्याला नव्या लागवडीचा खर्च लागत नाही व त्याचे फळही नव्या बागेच्या आधी हाती येते, म्हणून भांडवल संपलेल्या शेतकऱ्याला तोच मार्ग परवडतो. संपूर्ण बाग उखडून मृगात नवी लावावी की खोडवा धरावा, हा निर्णय सावकाराच्या तगाद्याखाली न घेता पिलांची संख्या व वय पाहून घ्यावा. याच वेळी महावितरणचे खांब उभे होईपर्यंत पंप बंद राहतात, आणि पडण्यापासून बचावलेली केळी पाण्यावाचून होरपळते. म्हणून गावठाणाच्या दिव्यांइतकीच शेतीवाहिन्यांची दुरुस्तीही निकडीची मानली पाहिजे.

या सर्व व्यवस्थेत दोन वर्ग नोंदीबाहेर राहतात. एक बटाईदार. बियाणे, खत, मजुरी त्याची, पण सातबारा मालकाच्या नावाचा, त्यामुळे मदत मालकाच्या खात्यात जाते आणि वाटणी दोघांच्या संबंधांवर सोडली जाते. दुसरा वर्ग घड कापणाऱ्या, डोक्यावरून बांधापर्यंत वाहणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या मजुरांचा. वादळापूर्वी ज्यांना पावसाळ्यापर्यंतची कापणी समोर दिसत होती, त्यांची मजुरी एका संध्याकाळी बुडते, आणि पंचनाम्याच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नसतो. मृताच्या वारसास चार लाख रुपये, मोठ्या दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये, पडलेल्या घरासाठी ठरावीक साहाय्य, असे निकष आहेत. बुडालेल्या मजुरीची मोजणी मात्र होत नाही. रोजगार हमीच्या कामांवर बागा साफ करण्याची मोहीम अशा गावांत तातडीने उघडली, तर शेतकऱ्याचा खर्च व मजुराची उपासमार दोन्ही टळतील.

आपत्तीनंतर सरकारने हात द्यावा ही कल्पना या मुलखाला नवी नाही. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा व पांझरा यांच्या महापुरात धुळ्यातील शेकडो घरे वाहून गेली. पुढे १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची, म्हणजे शेतकऱ्याला द्यावयाच्या सरकारी कर्जाची, रीत घालून दिली, आणि शेतसाऱ्याची सूट-तहकुबी ही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कायम राहिली. तगाई मात्र कर्जच होती, आणि तिची वसुली पुढच्या हंगामाच्या मुळावर येई. पुढे साहाय्य विनापरतावा झाले, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्याला कायद्याचा आधार मिळाला. मदतीस पात्र आपत्तींच्या राष्ट्रीय सूचीत चक्रीवादळ व गारपीट यांचा समावेश होता. अवकाळी पाऊस व वीज यांची भर महाराष्ट्राने आपल्या अधिकारात घातली.

प्रतिबंधाच्या उपायांत वारारोधक कुंपण सर्वांत स्वस्त. बागेच्या कडेने, विशेषतः पश्चिम व दक्षिण अंगास, शेवरी किंवा गजराज गवताचे दाट पट्टे लागवडीच्या वेळीच लावले, तर वाऱ्याचा मारा बराच बोथट होतो, आणि शेवरीचा पाला गुरांना चाराही होतो. निसवलेल्या झाडांना घड भरण्यापूर्वी टेकू देणे व बुंध्यांना वेळीच माती चढवणे हेही तितकेच हितावह आहे. लहान खातेदाराच्या एकरभर तुकड्यात कुंपणाची जागा अंगावर येते, म्हणून लगतच्या चार-पाच खातेदारांनी सामाईक बांधावर एकच पट्टा लावणे सोयीचे.