फोटोची मागची बाजू

घरोघरच्या फोटो-अल्बमचं मूळ पॅरिसमध्ये सापडतं. तिथल्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा झाला, स्वस्त झाला, आप्तेष्टांत वाटला जाऊ लागला. मग ते ठेवायला खिडक्यांच्या जाड पानांचे अल्बम निघाले. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते.

त्या कार्डांच्या पाठीवर बहुधा स्टुडिओचं नाव झोकात छापलेलं असे. फोटोतल्या माणसाचं नाव मात्र घरच्यांनीच लिहायचं. माझ्या मते घराण्याचं दप्तर सुरू होतं ते तिथून. आमच्याकडच्या एका फोटोमागे आजीच्या बारीक अक्षरात आहे: ‘डावीकडून माई, बापू, मांडीवर कुंदा. साडी ताईची.’ शेवटचे दोन शब्द नसते, तर ऐपत नसतानाही माईच्या अंगावर जरीकाठ कसा, हे कुणाला कळलं असतं?

ही गरज कोडॅक कंपनीनेही ओळखली होती. १९१४ साली तिने ‘ऑटोग्राफिक’ कॅमेरा आणला. त्याच्या पाठीला छोटं झाकण होतं. फोटो काढला की झाकण उघडायचं, धातूच्या लेखणीने फिल्ममागच्या कागदावर नाव-गाव-तारीख लिहायची आणि काही सेकंद उजेड लागू द्यायचा. फिल्म धुतली की तो मजकूर निगेटिव्हच्या कडेला उमटलेला असे. १९३०च्या दशकात ही सोय बंद झाली. वाईट झालं.

काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेला असे. तो काढून मागचं वाचता येई. पुढे चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आले आणि घात झाला. वर्षं गेली की गोंद फोटो सोडत नाही, आणि ओढला तर मागचं अक्षर पानालाच राहतं.

तेव्हा असे फोटो ओढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या. सुटे असतील त्यांच्यामागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उठतो. आणि घरातल्या थोरल्यांना आधी विचारा, ती साडी कुणाची होती.