गजकर्ण पुन्हा पुन्हा का होतं?

जांघेत किंवा कमरेवर गोल, लालसर चट्टा आणि सतत खाज, म्हणजे बहुधा गजकर्ण (नायटा). त्वचा, केस आणि नखांमधल्या केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीमुळे ते होतं. पूर्वी काही आठवडे मलम लावलं की ते जायचं. आता अनेकांना महिनोन्‌महिने उपचार घ्यावे लागतात.

औषध का चालत नाही?
टर्बिनाफिन हे औषध बुरशीचं एक एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे तिचं पेशीआवरण नीट बनत नाही. पण त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला, की औषधाचा परिणाम होत नाही. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या बुरशीत असे बदल बऱ्याचदा आढळतात. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिलं. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदवले गेले.

मेडिकलमधून आणलेलं मलम
अनेक मलमांमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरत राहते.

काय करावं?
- ट्यूबवरची घटकांची नावं वाचा.
- त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चट्टा खरवडून तपासणी करता येते.
- खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बंद करू नका.
- टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांनाही सोबतच दाखवा.
- पायाच्या नखाला संसर्ग असेल तर गोळ्या साधारण 12 आठवडे लागतात. नवं नख पूर्ण यायला वर्षही लागू शकतं.