शिशाचे शिपाई, टिकल्यांचे पिस्तूल

मुलाने खेळण्यातली बंदूक मागितली तर आणून द्यावी की नाही, हा प्रश्न वाटतो तितका आजचा नाही. तो किमान शंभर-सव्वाशे वर्षे आईबापांना छळतो आहे. मात्र तो नेहमी एकच प्रश्न होता असे मला वाटत नाही. शब्द तेच राहिले, त्यामागची भीती बदलत गेली.

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या जमिनीवर पलटणी उभ्या राहिल्या. एच. जी. वेल्सने १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ लिहिले ते आपल्या दोन मुलांबरोबर मांडलेल्या अशाच खेळांवर. त्यानंतर १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ आले. लाकडी गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ, चालींना वेळेची मर्यादा, कैदी कधी धरायचे याचे नियम असा सगळा सरंजाम त्यात आहे. वयाची अट बारा ते दीडशे वर्षे! वेल्स युद्धखोर नव्हता. पुस्तकाच्या शेवटी तो सांगतो की खरे युद्ध हा अवाढव्य आणि मूर्ख खर्च आहे. ज्या राजांना आणि सेनापतींना लढायची खुमखुमी असेल, त्यांना एका मोठ्या दालनात हे छोटे शिपाई देऊन बसवावे. वर्षभरातच महायुद्ध पेटले आणि हाच वेल्स युद्ध संपवणारे युद्ध म्हणून त्याची बाजू मांडू लागला.

दुसरा पक्षही तेव्हा जोरात होता. १९१४ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातल्या बालकल्याण प्रदर्शनात नॅशनल पीस काउन्सिलतर्फे ‘शांततेची खेळणी’ मांडली जाणार, अशी बातमी आली. बंदूकवाल्या शिपायांऐवजी नागरी जीवनातली माणसे आणि अवजारे मुलांच्या हाती द्यावीत, अशी कल्पना होती. साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेक्टर ह्यू मन्रोने तीच बातमी उचलून ‘द टॉइज ऑफ पीस’ ही कथा रचली. मामा भाच्यांसाठी नगरपालिकेची कचरापेटी, एका ख्रिस्ती महिला संस्थेच्या इमारतीची प्रतिकृती आणि जॉन स्टुअर्ट मिलची मूर्ती घेऊन येतो. थोड्या वेळाने तो डोकावतो, तेव्हा कचरापेटीला तोफांसाठी भोके पडलेली असतात, विचारवंतांचे सरदार झालेले असतात आणि रक्त म्हणून लाल शाई वाहत असते.

ही कथा वाचून हसू येते आणि पालक निरुत्तर होतो. पण तिला पुरावा मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. साकीने मुले कल्पनेत रचली, निरीक्षणाच्या वहीत नव्हे. शिवाय त्या मुलांचा इतिहासाचा पाठ लढायांनीच भरलेला होता, हे कथेतच दिसते. कचरापेटीला दोष देऊन काय उपयोग? चाळिशी उलटलेला साकी स्वतः साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर एका नेमबाजाच्या गोळीने गेला. ती कथा पुस्तकात आली १९१९ मध्ये. तोवर शिशाच्या शिपायांशी खेळलेली एक पिढीच खंदकांत गाडली गेली होती. खेळण्यांमुळे गाडली गेली असे मी म्हणणार नाही. युद्ध त्या मुलांनी पुकारले नव्हते.

इथवरची भीती देशाची होती. मुलातून कसला नागरिक घडेल? ती घरात आणली बेंजामिन स्पॉक या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने. १९४६ मध्ये निघालेले त्याचे बालसंगोपनाचे पुस्तक घराघरात असे. लुटुपुटीची गोळीबारी हा वाढीचा नैसर्गिक भाग आहे, पालकांनी घाबरू नये, असा त्याचा आधीचा सल्ला होता. १९६८ च्या आवृत्तीत त्याने तो फिरवला. बालवाडीतली मुले विनाकारण एकमेकांना बडवू लागली आहेत आणि दूरदर्शनवरच्या विनोदवीरांकडे बोट दाखवतात, असे एका अनुभवी शिक्षिकेने त्याला सांगितले होते. केनेडींच्या हत्येची बातमी ऐकून काही शाळकरी मुलांनी आनंद केला, हेही त्याला खुपले. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्याबद्दल स्पॉकवरच खटला चालला. मूल तेच होते, फक्त डॉक्टर बाहेर काय चालले आहे ते पाहत होता. मला हा बदल प्रामाणिक वाटतो.

स्वीडनने १९७९ मध्ये मधला मार्ग काढला. सरकारी यंत्रणा आणि खेळणीविक्रेते यांच्यात ऐच्छिक करार झाला: १९१४ नंतरच्या युद्धांची खेळणी विकायची नाहीत. म्हणजे चिलखती सरदार चालेल, रणगाडा नाही. या रेषेवर हसण्याआधी आपल्या अंगणातला दिवाळीचा किल्ला आठवावा. तोफा, भाले आणि तलवारी घेतलेले मातीचे मावळे आपण हौसेने मांडतो, तो संस्कार समजतो. त्याच बाजारातून आणलेल्या टिकल्यांच्या पिस्तुलाने मात्र पोर “हात वर!” म्हणाले की आपल्याला कसेसे होते. स्वीडिश रेषा आपण न सांगता पाळतो. जुने शस्त्र म्हणजे इतिहास, आजचे म्हणजे हिंसा.

अमेरिकेत पुढे प्रश्नच पालटला. नकली बंदुका हुबेहूब होत गेल्या, आणि १९८८ च्या कायद्याने त्यांच्या नळीच्या तोंडाशी ठळक नारिंगी खूण सक्तीची केली. ही खूण मुलासाठी नाही, मुलाकडे बघणाऱ्यासाठी आहे. मनावर काय परिणाम होईल ही चर्चा मागे पडली. कोणाच्या मुलाकडे कोण कोणत्या नजरेने बघेल, हे पुढे आले. अनेक कृष्णवर्णीय घरांत पाण्याची पिचकारीसुद्धा बाहेर नेऊ देत नाहीत, त्याला मानसशास्त्राचे कारण नाही.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंडच्या एका बागेत १२ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा छर्ऱ्याच्या नकली पिस्तुलाशी खेळत होता. त्यावर नारिंगी खूण उरली नव्हती. फोन करणाऱ्याने पोलिसांना कळवले होते की बंदूक बहुधा खोटी आहे आणि हातात धरणारा बहुधा अल्पवयीन आहे. हे शब्द गाडीतल्या शिपायांपर्यंत पोचले नाहीत. गाडी थांबल्यावर सुमारे दोन सेकंदांत गोळी सुटली, दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. पिस्तूल त्याला एका मित्राने खेळायला दिले होते. असल्या बंदुकांशी खेळलेले आपल्याला चालत नाही हे मुलांना ठाऊक होते, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.