महानगर नियोजन संस्था (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महानगर प्रदेशांत रस्ते व सार्वजनिक वाहतूक यांचे नियोजन करणारी आणि संघीय निधीतून कोणती कामे घ्यायची हे ठरविणारी प्रादेशिक संस्था. किमान ५०,००० लोकसंख्येच्या प्रत्येक नागरी प्रदेशासाठी ती कायद्याने आवश्यक असून देशात अशा ४०० हून अधिक संस्था आहेत. गव्हर्नर व स्थानिक शासनसंस्था यांच्या करारातून ती अस्तित्वात येते. बहुतेक संस्था स्वतः रस्ते बांधत नाहीत वा बस चालवीत नाहीत. त्यांचे बळ कामांच्या यादीत असते.

इतिहास : १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग शहरांत शिरले आणि वस्त्या उठू लागल्या. १९६२ च्या कायद्याने संघीय निधीसाठी अखंड, सर्वंकष व सहकार्याने केलेल्या नियोजनाची अट घातली. १९७३ मध्ये हे नियोजन करणाऱ्या या संस्थांना नियोजनखर्चासाठी स्वतंत्र निधी मिळाला; १९९१ च्या कायद्याने त्यांचे अधिकार वाढविले.

कार्यपद्धती : संस्था किमान २० वर्षांचा आराखडा करते आणि त्यातून ४ वर्षांचा कार्यक्रम काढते. या कार्यक्रमाच्या यादीतील प्रत्येक कामाचा पैसा कोठून येणार, हे दाखवावे लागते. हा कार्यक्रम गव्हर्नरच्या संमतीने राज्याच्या कार्यक्रमात जातो. यादीत नसलेल्या कामाला संघीय निधी मिळत नाही.

निधी : संघीय महामार्ग निधीचा मुख्य स्रोत संघीय इंधनकर होय. पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट हा दर १९९३ पासून बदललेला नाही; त्यामुळे २००८ पासून तूट सर्वसाधारण तिजोरीतून भरून काढावी लागते. संघीय वाटा साधारणतः ८० टक्के असतो. एक कोटी डॉलरच्या पुलासाठी २० लाख डॉलर राज्याने किंवा स्थानिक संस्थेने उभे करायचे. उरलेली रक्कमही आगाऊ हाती पडत नाही : राज्य ठेकेदाराचे बिल चुकते करते आणि मग प्रतिपूर्ती मागते.

उदाहरण : ऑरेगनमधील पोर्टलंड येथे वस्त्या चिरत जाणारा माउंट हूड द्रुतगती मार्ग १९७० च्या दशकात रद्द झाला. १९७३ च्या कायद्यातील सवलतीमुळे त्याचा निधी इतर कामांकडे वळविता आला. १९८६ मध्ये सुरू झालेली ग्रेशमपर्यंतची हलकी रेल्वे त्यांपैकीच. तेथील ‘मेट्रो’ ही थेट लोकनियुक्त मंडळ असलेली देशातील एकमेव प्रादेशिक शासनसंस्था महानगर नियोजनाचे काम पाहते.

मर्यादा : संघीय महामार्ग निधीचा मोठा भाग राज्यांच्या परिवहन विभागांच्या हाती असतो. अनेक मंडळांत मते लोकसंख्येच्या प्रमाणात नसल्याने लहान उपनगरांचे वजन मध्यवर्ती शहरापेक्षा भारी ठरते.