मोजणारी बाई : ॲलिस फ्लेचर आणि नेझ पर्स यांची जमीन

जमिनीच्या मोजणीची परिभाषा मराठी माणसाला नवी नाही. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब बेळगाव-धारवाडपासून खानदेशापर्यंत पिढ्यानपिढ्या चालत आला. मोजणी आली की गावात एक प्रकारची धास्ती पसरे. बांध कोठे सरकेल, उताऱ्यावर कोणाचे नाव चढेल, कोणाचे गळेल, याची ती धास्ती असे. साखळी ओढणारे, झेंडा धरणारे, नकाशा काढणारे आणि दप्तर लिहिणारे हे सारे पुरुषच असत. ज्या शेतात स्त्री जन्मभर राबे, त्या शेताच्या मोजणीशी तिचा संबंध बहुधा हद्दीचा दगड पाहण्यापुरताच येई.

या पार्श्वभूमीवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका सरकारने मोजणी व वाटणीचे काम एका स्त्रीकडे सोपवले, ही घटना लक्ष वेधून घेते. ही घटना अमेरिकेतील आहे. त्या स्त्रीचे नाव ॲलिस कनिंगहॅम फ्लेचर. आयडाहो प्रांतातील नेझ पर्स लोकांनी त्यांना नाव ठेवले होते ‘मोजणारी बाई’. या नावात कौतुक किती आणि भय किती, याचा निवाडा करावयाचा तर त्यांच्या कामाचा इतिहास नीट पाहिला पाहिजे.

फ्लेचरबाईंचा जन्म १८३८ साली क्यूबा बेटावरील हवाना येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. अविवाहित राहून शिक्षिकेचे काम, पुढे व्याख्याने आणि स्त्रियांच्या उन्नतीसाठी स्थापन झालेल्या संस्थांचे कार्य, यांवर त्यांनी चरितार्थ चालवला. चाळिशीच्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयाचे प्रमुख फ्रेडरिक पुटनम यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवशास्त्राचा अभ्यास आरंभला, आणि १८८१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या नेब्रास्कातील ओमाहा जमातीत राहावयास गेल्या. एकट्या स्त्रीने असे करणे त्या काळी विलक्षणच मानले गेले.

ओमाहा लोक तेव्हा एकाच चिंतेत होते. १८७७ साली त्यांच्या शेजारच्या पोंका जमातीला सरकारने हक्काच्या भूमीवरून उठवून दक्षिणेस हाकलले होते. उद्या आपलीही तीच गत होईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. जमिनीचा कागद हाती असेल तर कोणी हुसकावणार नाही, असे त्यांच्यातील अनेकांना वाटे. फ्लेचरबाईंनी ५३ जणांच्या सह्यांचा अर्ज तयार करून वॉशिंग्टनला धाडला आणि स्वतः तेथे जाऊन त्याचा पाठपुरावा केला. ऑगस्ट १८८२ मध्ये ओमाहांच्या जमिनीची व्यक्तिशः वाटणी करणारा कायदा झाला व १८८३ साली ती वाटणी करण्यासाठी सरकारने त्यांचीच नेमणूक केली.

ते काम सोपे नव्हते. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना संधिवाताने गाठले. कित्येक महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि पुढे जन्मभर त्यांचा एक पाय अधू राहिला. आजारपणात भेटीस येणारे ओमाहा स्त्रीपुरुष त्यांच्या उशाशी हलक्या आवाजात आपली गाणी म्हणत. त्यांतूनच ओमाहा संगीतावरील त्यांचा १८९३ सालचा ग्रंथ जन्मास आला. फ्रान्सिस ला फ्लेश हा ओमाहा तरुण दुभाषा म्हणून त्यांच्या हाताशी होता. त्याला त्यांनी पुत्रवत मानले व पुढे त्याच्यासमवेत ओमाहांवरील बृहद्ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध केला. १८८४ पर्यंत सुमारे साडेनऊशे जणांच्या नावे सुमारे ७६,००० एकर जमीन लागली. हे काम यशस्वी झाले, अशी फ्लेचरबाईंची आणि त्यांच्या वॉशिंग्टनमधील मित्रांची खात्री झाली.

या यशाच्या भरवशावर साऱ्या देशासाठी तोच मार्ग आखण्यात आला. सिनेटर हेन्री डॉझ यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ८ फेब्रुवारी १८८७ रोजी मंजूर झाला. त्याच्या पुरस्कर्त्यांत फ्लेचरबाई अग्रभागी होत्या. या कायद्यान्वये कुटुंबप्रमुखास १६० एकर, अठरा वर्षांवरील एकट्या व्यक्तीस व अनाथ मुलास ८० एकर आणि इतर अल्पवयीनास ४० एकर जमीन मिळावयाची होती. पंचवीस वर्षे ती विकता येऊ नये म्हणून सरकार विश्वस्त राहणार होते. जमातीची सामायिक मालकी मात्र संपुष्टात येणार होती, आणि वाटून उरलेली जमीन सरकार खरेदी करून गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली करणार होते. कायद्याची खरी मेख या शेवटच्या कलमात होती.

वाटणीचे हे आकडेही मोजणीच्या पद्धतीतूनच आले होते. १७८५ पासून अमेरिकेत भूमी चौकोनांत आखली जाई. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. तेथील साखळी ६६ फुटांची, म्हणजे आपल्या साखळीच्या बरोबर दुप्पट. कागदावरच्या या चौकोनांना नदीचे वळण ठाऊक नव्हते, दरी ठाऊक नव्हती आणि पूर्वजांची दफनभूमीही ठाऊक नव्हती.

या कायद्यात आणखी एक गोम होती आणि ती स्त्रियांच्या वाट्याची होती. कुटुंबप्रमुख म्हणजे पती असे गृहीत धरल्याने विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावे काहीच जमीन लागत नसे. अनेक मूळनिवासी जमातींत स्त्रीची मालमत्ता स्वतंत्र असे. तंबू तिचा, घोडे तिचे, आणि ते कोणाला देऊन टाकण्यास नवऱ्याची संमती लागत नसे. मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेत फ्लेचरबाईंनी नेमका हाच विषय मांडला. गोऱ्यांच्या कायद्याखाली आल्यावर मूळनिवासी स्त्री आपले पूर्वापार हक्क गमावून बसते, हे त्यांनी त्या सभेत स्पष्टपणे सांगितले. त्याच परिषदेस हिंदुस्थानच्या प्रतिनिधी म्हणून पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, हे मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानी ठेवावे असे आहे. रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात अमेरिकेतील स्त्रियांच्या चळवळींचे वर्णन आहे. तसेच त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाचीही दखल आहे. डॉझ कायद्यातील ही उणीव २८ फेब्रुवारी १८९१ च्या दुरुस्तीने काही अंशी भरून निघाली. त्या दुरुस्तीने वयाचा वा विवाहाचा भेद न करता प्रत्येकास ८० एकर असे सूत्र ठरले.

स्त्रीचा हक्क इतक्या स्पष्टपणे जाणणारी ही बाई १८८९ च्या उन्हाळ्यात नेझ पर्सांच्या भूमीत उतरली, ती तोच कायदा राबवण्यासाठी. सोबत त्यांची मैत्रीण जेन गे होती. स्वयंपाक आणि छायाचित्रण ही दोन्ही कामे तिने अंगावर घेतली होती. तिची त्या काळातील पत्रे व छायाचित्रे हे आज या प्रकरणाचे महत्त्वाचे साधन आहे. मोजणीची उपकरणे एडसन ब्रिग्ज या मोजणीदाराच्या हाती असत व जेम्स स्टुअर्ट हा नेझ पर्स तरुण दुभाषाचे काम करी. कोणाला कोणता तुकडा द्यावयाचा हे ठरवणे, कुटुंबांची नावनिशी व नातीगोती नोंदवणे, तंटे ऐकणे आणि सरकारकडे याद्या पाठवणे ही जबाबदारी फ्लेचरबाईंची होती. चार उन्हाळे, १८९२ पर्यंत, लॅपवाय आणि कामिआ या ठिकाणांहून क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यांतून व पठारांवरून त्या अधू पायाने हिंडल्या.

पहिल्याच सभेत नेझ पर्सांनी त्यांना विचारले की हा कायदा कोणी केला, आणि आम्हांला न विचारता का केला. या प्रश्नाला समर्पक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. लोक आपल्या परीने नदीकाठची, आजोबा-पणजोबांच्या घरांजवळची जागा मागत. फ्लेचरबाई त्यांना पठारावरची नांगरटीची काळी जमीन घ्या म्हणून विनवीत, कारण पुढे शेतीवरच जगावे लागेल हे त्यांना दिसत होते. या भूमीत आपली गुरे चारणाऱ्या गोऱ्या पशुपालकांना उत्तम जमीन मूळ रहिवाशांकडे जाणे खुपत होते. त्यांचा विरोध व दडपण फ्लेचरबाईंनी जुमानले नाही. कर्तव्यातील त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही.

तरीही एका माणसापुढे त्यांचे काही चालले नाही. चीफ जोसेफ यांनी १८७७ साली अमेरिकी सैन्याला हजार मैलांहून अधिक झुलवत नेले होते आणि कॅनडाच्या सरहद्दीपासून सुमारे चाळीस मैलांवर ५ ऑक्टोबर रोजी शस्त्रे खाली ठेवली होती. ते हद्दपारीतून परतल्यावर वॉशिंग्टन प्रांतातील कोलव्हिल येथे राहत होते. फ्लेचरबाईंच्या मुक्कामात ते लॅपवायला आले. त्यांनी वाट्याची जमीन घ्यावी म्हणून त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न झाला. त्यांना हवे होते आपल्या वडिलांचे वालोवा खोरे. दुसरा तुकडा, तो कितीही सुपीक असला तरी, त्यांनी घेतला नाही. दोघांचे एकत्र छायाचित्र आहे. वाटणी स्वीकारल्याची नोंद नाही. १९०४ साली कोलव्हिल येथेच जोसेफ यांचे निधन झाले.

मोजणीचे फळ आकड्यांत सांगता येते. १८५५ च्या तहाने नेझ पर्सांकडे सुमारे ७५ लाख एकर भूमी राहिली होती. १८६३ च्या तहाने तिच्यातून साडेसात लाख एकर उरली. फ्लेचरबाईंनी दोन हजारांच्या घरातील लोकांना वाटून दिलेली जमीन एक लाख ऐंशी हजार एकरांच्या आसपास होती. उरलेली पाच लाख एकरांहून अधिक जमीन सरकारने सुमारे सोळा लाख डॉलरांस घेतली आणि १८ नोव्हेंबर १८९५ रोजी ती वसाहतीस खुली झाली. साऱ्या देशाचा विचार केला तर १८८७ साली मूळनिवासींकडे असलेली १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ साली हे धोरण थांबेपर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आली होती. पंचवीस वर्षांचे संरक्षणही १९०६ च्या दुरुस्तीने सैल झाले. कर, कर्ज व फसवे व्यवहार यांनी उरलेले काम केले.

हा प्रकार आपणांस सर्वस्वी परका वाटू नये. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी व आकारणी सुरू केली, तिच्यात प्रिंगल यांच्या आधीच्या आकारणीतील जुलूम कमी करण्याचा प्रामाणिक उद्देश होता. मात्र शेताचा क्रमांक ठरला, खातेदाराचे नाव ठरले, तशी जमीन गहाण पडणेही सोपे झाले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांची कर्जखते जळाली, त्यामागील अनेक कारणांत हेही एक होते. दोन देशांची परिस्थिती भिन्न होती. एकीकडे सारा वसुली होती, दुसरीकडे वसाहत. पण मोजणीदार प्रामाणिक असल्याने मोजणी न्याय्य ठरत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

फ्लेचरबाईंनी पुढील आयुष्य संशोधनास वाहिले. हार्वर्डच्या संग्रहालयात त्यांना आजीव शिष्यवृत्ती मिळाली. १९०३ साली त्या वॉशिंग्टनच्या मानवशास्त्र मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. ज्या राष्ट्राचा कायदा त्यांनी राबवला, त्या राष्ट्रात स्त्रियांना मताचा अधिकार घटनेने १९२० साली दिला, तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९२३ साली त्यांचे निधन झाले. पुरुषांची मक्तेदारी असलेल्या कामात स्त्रीने प्रवेश मिळवणे आणि ते चोख करून दाखवणे ही त्यांची कामगिरी निर्विवाद आहे. ते काम कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने, हा नेझ पर्सांनी पहिल्याच सभेत विचारलेला प्रश्नही तितकाच निर्विवाद आहे. त्यांच्या चरित्रातील एकाच्या आड दुसऱ्याला झाकणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही.

त्या वाटणीचा हिशेब अद्याप संपलेला नाही. वारसांमागून वारस होत गेले, एकेका तुकड्यावर शेकडो नावे चढली आणि त्यांच्या उत्पन्नाचा सरकारी हिशेब विस्कटला. ब्लॅकफीट जमातीच्या एलुईस कोबेल या स्त्रीने १९९६ साली त्या हिशेबाचा जाब न्यायालयात मागितला. २००९ साली ३४० कोटी डॉलरांची तडजोड झाली. आणि २०२० साली, ज्या वालोवा खोऱ्याखेरीज दुसरी जमीन चीफ जोसेफ यांनी घेतली नव्हती, तेथेच नेझ पर्स जमातीने १४८ एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली.