पुढाऱ्याचे वजन : एक प्रस्तावना

ऊसपट्ट्यातला सावध शेतकरी कारखान्याच्या काट्यावर विसंबत नाही. जमले तर तो गाडी आधी बाहेरच्या काट्यावर चढवून वजन करून घेतो. स्थानिक पुढाऱ्यांच्या निवडणुकीतील शक्यता अभ्यासणाऱ्याने ही सवय उचलावी, असे मला नेहमी वाटते. पुढाऱ्याचे वजन त्याच्या कार्यकर्त्यांना विचारले तर ते नेहमी जास्तच भरते आणि विरोधकांना विचारले तर कमी. या पुस्तकातील लेख म्हणजे बाहेरचा काटा उभारण्याचा प्रयत्न आहे. या वाटेवर नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना एवढेच सांगायचे आहे, की काटा बदलला की वजनही बदलते.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि महाराष्ट्रात पुढारी घडवण्याची एक शाळाच उघडली. बाभळगावच्या सरपंचपदापासून निघालेले विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून विधानसभेत गेले, तर देवेंद्र फडणवीस नागपूरच्या महापालिकेतून. अशा नावांमुळे राजकारण ही शिडी आहे आणि खालची पायरी पक्की असली की वरची आपोआप मिळते, असा समज होतो. पण जे वर पोहोचले तेच आपल्याला दिसतात. बाजार समितीच्या सभापतिपदावरच ज्यांची चाल संपली, त्यांची यादी कोणी करत नाही. अभ्यासकाने ती करायला हवी.

जिल्हा परिषदेच्या गटात उमेदवार बहुतेक घरे नावानिशी ओळखतो. विधानसभेच्या मतदारसंघात सरासरी ३ लाखांहून अधिक मतदार असतात आणि असे ६ मतदारसंघ मिळून राज्यात लोकसभेची एक जागा होते. दवाखान्यात केलेली मदत, लग्नाला लावलेली हजेरी, सोसायटीतून मिळवून दिलेले कर्ज ही पुंजी खाली रोकड असते. वर नेताना तिच्यावर बट्टा बसतो. तो किती बसेल, हे चिन्ह, जात, युती आणि वाऱ्याची दिशा ठरवते.

बारामतीइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल. २०२४ च्या लोकसभेला सुप्रिया सुळे यांनी अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवले. त्यात बारामती विधानसभा क्षेत्रानेही सुळे यांनाच लीड दिले. सहा महिने उलटायच्या आत त्याच क्षेत्राने अजित पवार यांना सुळे यांच्याच पक्षाच्या युगेंद्र पवार यांच्याविरुद्ध सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून दिले. मतदार फिरला, असे म्हणून मोकळे होता येते. पण त्याला दोनदा एकच प्रश्न विचारला गेला होता का? दिल्लीला कोण आणि मुंबईला कोण, हे प्रश्न त्याने वेगळे मानले असतील, तर तो फिरला नाही. त्याने दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली. राज्यभरही महाविकास आघाडीने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३०. या उलटफेराचे सगळे श्रेय ‘लाडकी बहीण’ योजनेला देणे सोपे आहे. बारामतीचा निकाल मात्र तेवढ्याने उलगडत नाही. त्याच वर्षी सांगलीत राजकीय घराण्यातले विशाल पाटील पक्षाच्या तिकिटाविना, अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. म्हणजे घराण्याची पुंजी कधी कधी बट्ट्याशिवायही वटते. ती कुठे वटते आणि कुठे नाही, हे शोधणे हा या क्षेत्राचा गाभा आहे.

या शोधाला आपल्याकडे परंपरा आहे. प्रा. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. अँथनी कार्टर फलटणच्या, तर मेरी कॅरस जिल्हा परिषदांच्या गटबाजीत शिरल्या. पुढे ‘लोकनीती’च्या सर्वेक्षणांनी राज्याचा कल मोजण्याची शिस्त घालून दिली. मात्र राज्याच्या नमुन्यावरून एका तालुक्याचे भविष्य सांगता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो नमुना २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालाचा तक्ता. तो दिसायला रूक्ष असतो. पण दोन निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवले की कोणत्या वस्तीने कोणाची साथ सोडली, ते दिसू लागते.

नेमके इथेच सांभाळायचे. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळता येत. यंत्रांच्या मोजणीत प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा कळतो. अभ्यासकाला जे दिसते ते उमेदवारालाही दिसते, आणि मत न दिलेल्या वाडीचा रस्ता अडवायला तेवढे पुरेसे असते. म्हणून या पुस्तकात वस्त्यांची नावे बदललेली आहेत.

भाकितांची मर्यादाही विसरू नये. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली, तर मालेगाव मध्यची विधानसभेची १६२ मतांनी. एवढ्या फरकाचा अंदाज कोणत्याच काट्यावर येत नाही.

तेव्हा वाचकाला पहिला गृहपाठ असा : ओळखीचे एक गाव निवडा, त्याचे लोकसभेचे आणि विधानसभेचे तक्ते काढा आणि मग तिथल्या पारावर जाऊन बसा. ‘कोण येणार?’ हे विचारू नका. त्याचे उत्तर तुम्हाला न विचारताच मिळेल. ‘मागच्या दोन्ही वेळी तुम्ही वेगवेगळे का केले?’ असे विचारा आणि मग गप्प राहून ऐका.